अनोळखी मांस

मांसाहार करणाऱ्या माणसाला 'तुम्ही काय खाता?' असे विचारले, तर त्याचे उत्तर तयार असते. मटण, कोंबडी, अंडी, मासळी. यादी संपायला वेळ लागत नाही. परंतु 'तुम्ही काय खात नाही, आणि का?' असे विचारून पाहा. चांगली शहाणीसुरती माणसे चाचपडू लागतात. 'शी! ते कुणी खाते का?' ह्या उद्गारापलीकडे त्यांना काही सुचत नाही. आणि गंमत अशी, की ते 'कुणी' जेथे राहतात, तेथे आपले सुके बोंबील आणि वजडी पाहून लोकांच्या तोंडून नेमका हाच उद्गार निघतो.

ह्या उद्गारात नीती किती आणि निव्वळ सवय किती, हे एरवी कळत नाही. कारण रोजच्या ताटाकडे आपण पाहतच नाही, फक्त जेवतो. ते कळण्यासाठी एखादे अनोळखी मांस घरात यावे लागते. ते आले, की स्वयंपाकघरात एक लहानसे धर्मसंकट उभे राहते. अशाच एका मांसाविषयी मला लिहावयाचे आहे. ते मांस सशाचे.

इंग्लंडात बाथ ह्या गावी १९९७ साली शेतकऱ्यांचा बाजार नव्याने भरू लागला, आणि मग गावोगावी तसे बाजार निघाले. जो पिकवतो त्यानेच विकावयाचे, हा त्यांचा नियम. आठवडी बाजार पाहिलेल्या आपल्या माणसाला त्यात नवल ते काय वाटणार? परंतु जेथे सारा बाजारहाट काचेच्या दुकानांत आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनांत गेला होता, तेथे ही नवलाईच होती. तीन वर्षांपूर्वी मी तिकडे भाचीकडे राहावयास गेले होते. अशाच एका बाजारात सफरचंदे, चीज आणि अंडी ह्यांच्या शेजारी सोललेले रानससे मांडले होते. लांबट, गुलाबी, अखंड देह. विकणाऱ्या बाईंनी सांगितले, "आमच्याच शेतातला आहे, बंदुकीने मारलेला. अंगात एखादा छर्रा राहिला असेल, जपून खा." भाचीने हौसेने एक घेतला.

घरी आल्यावर मात्र तिची हौस मावळली. "मावशी, आणलाय तर खरा, पण आता ह्याचे करायचे काय?" तिचा आठ वर्षांचा मुलगा ओट्याशी येऊन उभा राहिला. पाहताच त्याने ओळखले आणि रडवेला झाला. जावई जरा तर्कशास्त्री. ते मुलाला म्हणाले, "अरे, बकरा चालतो आणि ससा चालत नाही, हे कुठल्या न्यायाने?" मुलगा म्हणाला, "बकरा मी कधी पाहिलाच नाही!"

मला वाटते, ह्या विषयावर पुष्कळ ग्रंथ लिहूनही ह्याहून नेमके काही सांगता यायचे नाही. त्याचा आक्षेप सशाला मारण्यावर नव्हता. ससा दिसण्यावर होता. बकरा त्याच्या ताटात येई तो फोडी होऊन, रश्शात बुडून, 'मटण' हे नाव धारण करून. आता हे नावच पाहा. इंग्रजीत ते मेंढीच्या मांसाचे. आपण ते बकऱ्याला दिले आणि बकरा दृष्टिआड केला. घरोघरी कोंबडीचेही हल्ली 'चिकन' झाले आहे. इंग्रजांनीही गाय, डुक्कर, मेंढी ह्यांच्या मांसाला जनावरांहून निराळी नावे ठेवली आहेत. सशाला मात्र असा पडदा कुणी दिला नाही. इंग्रजीत काय, मराठीत काय, तो ताटातही ससाच राहतो. अनोळखी मांस आपल्याला अस्वस्थ करते ते एवढ्याचसाठी, की त्यात प्राणी अजून दिसत असतो.

बरे, हे मांस त्या देशाला तरी खरोखर अनोळखी आहे का? मुळीच नाही. नॉर्मन काळापासून तेथे ससे पाळले जात. दुसऱ्या महायुद्धात मांसावर रेशन आले, ते १९५४ पर्यंत टिकले. पण ससा रेशनबाहेर होता, आणि कित्येक घरांत रविवारचे जेवण त्याच्यावरच निभावले. मग १९५३ साली मिक्झोमॅटोसिस हा रोग तिकडे पोचला. आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये एका जमीनदार डॉक्टराने आपल्या वाडीतले ससे मारण्यासाठी तो मुद्दाम सोडला होता. इंग्लंडात दोनतीन वर्षांत शंभरातले पंचाण्णवांहून अधिक ससे मेले. डोळे सुजून आंधळे झालेले ससे रस्त्यांवर बसून मरत होते. माणसाला त्या रोगाची बाधा होत नाही. पण ते दृश्य पाहिलेल्यांची वासना उडाली ती उडालीच. आजीचे रोजचे खाणे नातवाला अभक्ष्य वाटू लागले. म्हणजे अनोळखीपणा हा मांसाचा गुण नव्हे. तो आपल्यात तयार होतो, आणि कधी कधी तर एका पिढीतच होतो.

धर्मशास्त्राकडे वळावे, तर तेथेही एकवाक्यता नाही. वाल्मीकिरामायणात रामाच्या बाणाने पडलेला वाली रामाला जाब विचारतो, की मी वानर. माझे मांसही तुम्हाला चालत नाही, मग मला मारलेस कशाला? पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाचच भक्ष्य आहेत, असे तो सांगतो, आणि त्या पाचांत ससा आहे. उलट ज्यूंच्या धर्मग्रंथाने सशाला स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवले. बौद्धांच्या जातककथेत तर बोधिसत्त्वच ससा होऊन येतो. दारी आलेल्या अतिथीला द्यावयास आपल्याजवळ गवताखेरीज काही नाही, म्हणून तो स्वतःचा देहच अग्नीत टाकतो. आपण चंद्राला शशांक म्हणतो. त्या त्यागाची खूण म्हणून शक्राने चंद्रावर ससा रेखाटला, असे ती कथा सांगते. एकाच प्राण्याला एकाने भक्ष्य म्हटले, दुसऱ्याने अभक्ष्य, तिसऱ्याने वंद्य!

मग काय, सारा प्रश्न आवडीनिवडीचाच समजावयाचा? येथे जरा थांबले पाहिजे. किळस आणि सदसद्विवेक ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परंतु दोघी एकाच आवाजात 'नको' म्हणतात, म्हणून आपली फसगत होते. किळस विचारते, 'हे आपल्यातले आहे का?' विवेक विचारतो, 'हा जीव कसा जगला? कसा मेला? त्याला मारण्याची गरज होती का? मारल्यावर तो वाया तर जाणार नाही ना?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजीकडून वारशाने मिळते. बाकीच्या चारांचे मात्र आपले आपणच शोधावे लागते.

त्या ओट्यावरच्या सशाला हे चार प्रश्न विचारून पाहा. तो मोकळ्या रानात जगला. आपल्या बिळात झोपला, आपल्या दातांनी गवत कुरतडले. नेम चांगला असेल, तर एका क्षणात मेला. आता त्याच घराच्या फ्रीजमधल्या कोंबडीला विचारा. बंदिस्त शेडमध्ये हजारोंच्या गर्दीत तिचा जन्म गेला. तो जन्म केवढा? पाचसहा आठवड्यांचा. अंग इतक्या झपाट्याने वाढावे अशी तिची जातच माणसाने घडवलेली. कित्येकींना शेवटीशेवटी धड चालवतही नाही. ह्या कोंबडीला त्या घरात कुणी कधी प्रश्न विचारला नव्हता. जिला विचारावयाला हवा होता ती परिचित म्हणून सुटली, आणि ज्याची बाजू त्यातल्या त्यात बरी, तो अपरिचित म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला!

शाकाहारी वाचक एव्हाना मनात म्हणत असतील, 'आम्ही ह्या भानगडीतच पडत नाही.' त्यांच्या संयमाविषयी मला आदर आहे. परंतु त्या बाईंनी ससा मारला तो काही केवळ विकण्यासाठी नव्हे. ससे गव्हाचे कोवळे पीक फस्त करतात. इंग्लंडात १९५४ च्या कायद्याने सशांचा बंदोबस्त करणे ही जमिनीच्या मालकाची जबाबदारीच ठरवली आहे. तेव्हा त्या शेतातल्या गव्हाच्या पावाच्या हिशेबातही ससा असतोच. तो दिसत नाही इतकेच. वनपर्वातल्या धर्मव्याधाने हेच सांगितले होते. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा हा मनुष्य. स्वतः प्राणी मारीत नसे, मांस खातही नसे. त्याच्यापुढे तपाचा अभिमान वाहणारा कौशिक ब्राह्मण धर्म ऐकावयास बसला. नांगराच्या फाळाखाली भूमीतले किती जीव मरतात, ह्याची व्याधाने त्याला आठवण करून दिली.

पण ह्या आठवणीचा सोयीस्कर अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. 'कुणीच निष्पाप नाही, मग मी तरी कशाला विचार करू?' असा त्यांचा युक्तिवाद. धर्मव्याधाचा भाव तसा नव्हता. पूर्ण अहिंसा अशक्य आहे, ह्यावरून सगळी हिंसा सारखीच, असे ठरत नाही. कर्ज पूर्ण फिटत नाही म्हणून कुणी हप्ता बुडवावा का? जातकातल्या त्या सशाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आगीत उडी घेण्यापूर्वी त्याने तीनदा अंग झटकले; केसांत एखादा कीटक असेल, तर तो जळू नये म्हणून. स्वतःच्या मरणाच्या क्षणीही ज्याला केसांतल्या कीटकाची शुद्ध राहते, त्याच्याकडून आपण निदान लक्ष द्यावयाला तरी शिकावे.

आणि हे लक्ष देणे स्वयंपाकात अगदी सक्तीचे होते. ओळखीचे मांस हात आपोआप शिजवतात. अनोळखी मांसापुढे हात थांबतात. रानसशाच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच. कॅनडाच्या उत्तरेकडील अरण्यांत केवळ सशांवर दिवस काढणाऱ्यांना पोटभर खाऊनही भूक भागत नाही, जुलाब होतात, शक्ती जाते, असे तिकडच्या प्रवाशांनी नोंदवले आहे. म्हणून तेलाचा हात सैल ठेवावा लागतो. पाठीचे मांस कोवळे, ते लवकर शिजते. मागच्या तंगड्या जन्मभर उड्या मारून चिवट झालेल्या, त्यांना वेळ लागतो. प्रथम फोडी चाचपून छर्रे पाहावयाचे. मग थंड मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून, धुऊन, दही-हळद आणि आले-लसूण लावून मुरवत ठेवावयाचे. कांदा-खोबऱ्याचे वाटण खमंग परतून त्यात तंगड्या आधी घालावयाच्या, झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्यावयाच्या, आणि पाठीचे तुकडे मागाहून सोडावयाचे. घाई केली, की मांस दोरीसारखे होते. ते कुणी खात नाही, आणि मग तो जीव खरोखरच फुकट जातो. मारलेल्या प्राण्याचे कोरडे गोडवे गाण्यापेक्षा तो नीट शिजवणे आणि पातेले पुसून संपवणे हा अधिक खरा आदर आहे, असे मला वाटते. भाचीने त्या दिवशी तसा शिजवला. रस्सा उत्तम झाला होता.

मुलगा जेवला तो वरणभात. त्याला कुणी आग्रह केला नाही, हे मला बरे वाटले. त्याचा नकार किळसेतून निघाला की करुणेतून, हे त्याचे त्यालाही इतक्यात कळणार नाही. दोहोंची मुळे लहानपणी एकमेकांत गुंतलेली असतात. पण जो 'मी पाहिले म्हणून खात नाही' म्हणतो, त्याला उद्या 'न पाहिलेल्याचे काय?' हा प्रश्न पडण्याची आशा असते. जबरदस्तीने घास भरवला, की तो प्रश्नही त्या घासाबरोबर गिळला जातो.

आपल्या खेड्यांतल्या वृद्धांना रानसशाची चव आठवत असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून रानसशाला संरक्षण मिळाले आहे, आणि ते योग्यच झाले. तेव्हा हा लेख वाचून कुणी ससा शोधीत हिंडू नये. त्याची गरजही नाही. दिवाळीचा फराळ संपला, गोडधोडाने जीभ विटली, म्हणजे पुष्कळ घरांत झणझणीत रश्श्याचा बेत ठरतो. पिशवी घेऊन बाजारात जाल, तेव्हा त्या ओळखीच्या मांसालाच एकदा अनोळखी समजा. ते कुठून आले, कसे वाढले, हे विकणाऱ्याला विचारा. तो हसेल, कदाचित चिडेलही. विचारून घेण्याचे थांबवाल किंवा थांबवणार नाही. तो ज्याचा त्याचा निर्णय. परंतु न विचारता घेतलेल्या आणि विचारून घेतलेल्या घासात फरक असतो. तो जिभेला कळत नाही एवढेच.