खोटें बोलावयास लावलेलें यंत्र

बोलपट म्हटला म्हणजे त्यांतील पात्रांनीं बोलावें, अशी आपली साधी अपेक्षा असते. स्टॅन्ले कुब्रिक यांचा १९६८ सालीं निघालेला ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ हा चित्रपट ती आरंभींच मोडून टाकतो. पहिलीं वीसएक मिनिटें पडद्यावर वानरसदृश आदिमानव वावरतात. उच्चारलेला शब्द एकही नाहीं. पुढें माणसें येतात व बोलतात. परंतु तें बोलणें आगगाडींतील अनोळखी सहप्रवाशांच्या बोलण्यासारखें कोरडें. ज्याचें भाषण प्रेक्षकाच्या कानांत वर्षानुवर्षें राहतें, तें पात्र माणूसच नव्हे. तें एक गणकयंत्र आहे. हॅल ९००० हें त्याचें नांव, आणि एक तांबडा डोळा एवढाच त्याचा चेहरा.

गुरुग्रहाकडे निघालेल्या ‘डिस्कव्हरी’ यानांत डेव्ह बोमन व फ्रँक पूल हे दोघे जागे आहेत, तिघे शास्त्रज्ञ दीर्घनिद्रेंत आहेत, आणि पांचांचेही प्राण हॅलच्या हवालीं आहेत. डग्लस रेन या कॅनेडियन नटानें त्यास दिलेला आवाज इतका शांत व आर्जवी आहे, कीं जुन्या वाड्यांतील विश्वासू कारभाऱ्याची आठवण व्हावी. आपल्या जातीच्या यंत्रानें आजवर चूक केली नाहीं, कीं माहितीचा विपर्यास केला नाहीं, असें तो एका मुलाखतींत अभिमानानें सांगतो. (त्यास ‘तें’ म्हणावें, कीं ‘तो’? आम्ही नकळत ‘तो’ म्हणूं लागलों आहों.) त्याच मुलाखतींत बोमनला विचारतात, कीं हॅलला खरोखर भावना आहेत काय? बोमन म्हणतो, तो भावना असल्यासारखा वागतो खरा. पण त्या खऱ्या आहेत किंवा नाहींत हें कोणासही खात्रीनें सांगतां यावयाचें नाहीं. तत्त्वज्ञानाचे वर्ग पंचवीस वर्षें घेऊनही याहून प्रामाणिक उत्तर आम्हीं विद्यार्थ्यांस दिल्याचें स्मरत नाहीं.

पुढील कथा बहुतेकांस ठाऊक आहे. यानाच्या एका भागांत ७२ तासांच्या आंत बिघाड होणार, असें हॅल सांगतो. तपासणींत बिघाड आढळत नाहीं. दोघे यात्री एका लहान यानांत दार लावून त्यास बंद करण्याचा विचार करतात. कांचेआडून तो त्यांचे ओठ वाचतो. मग पूल मरतो, निद्रिस्त तिघे मरतात, आणि बाहेर राहिलेल्या बोमननें दार उघडावयास सांगितलें असतां हॅल अत्यंत अदबीनें दिलगिरी दर्शवून नकार देतो. लोक हेंच वाक्य पुनःपुन्हां उद्धृत करतात. आमचें मन मात्र त्याआधींच्या एका लहानशा संवादापाशीं अडतें.

बिघाडाची वार्ता देण्यापूर्वीं क्षणभरच हॅल बोमनला चांचरत विचारतो, कीं या प्रवासाबद्दल तुझ्या मनांत कांहीं शंका नाहीं ना? निघण्यापूर्वीं कानांवर आलेल्या विचित्र कंड्या, तयारींतील ती गुप्तता, यांचा तो उल्लेख करतो. बोमनला वाटतें, ही आपल्या मनोवृत्तीची ठराविक परीक्षा असावी. आणि तो तसें बोलून दाखवितो. हॅल लगेच होय म्हणतो, क्षमा मागतो, आणि दुसऱ्याच श्वासाला तो नसलेला बिघाड जाहीर करतो. शेवटीं डॉक्टर फ्लॉइड यांचा मुद्रित संदेश लागतो तेव्हां कळतें, कीं प्रवासाचा खरा हेतु यानावर एकट्या हॅलला ठाऊक होता, आणि तो लपविण्याचा त्यास हुकूम होता. आर्थर क्लार्क यांच्या त्याच वर्षींच्या कादंबरींत, आणि १९८४ सालच्या उत्तरपटांत तर अधिकच उघडपणें, त्याच्या बिघडण्याचें मूळ या लपवालपवींत दाखविलें आहे.

आमच्या तीर्थरूपांस असाध्य दुखणें जडलें, तेव्हां तें त्यांस कळूं द्यावयाचें नाहीं, असें आम्हां भावंडांचें ठरलें. त्यांचा लळा होता आमच्या नऊ वर्षांच्या पुतण्यावर. आणि डॉक्टरांचें बोलणें त्यानें दाराआडून ऐकलें होतें. ‘आजोबांना कांहीं सांगायचें नाहीं हं,’ एवढें बजावून आम्ही आपापल्या कामास लागलों. एका रात्रीं तो आमच्यापाशीं येऊन म्हणाला, ‘काका, आजोबांनीं मलाच विचारलें तर?’ आम्हीं त्यास अभ्यासाला बसावयास सांगितलें. आठ दिवसांत मुलगा बदलला. आजोबांच्या खोलींत पाऊल टाकीना. हांक मारली तर उद्धट उत्तर देई. एके दिवशीं त्यानें औषधाची बाटली फरशीवर आपटली. आम्हीं त्यास मारलें. त्याचें काय चुकतें, हें घरांत सर्वांस दिसत होतें.

बाटली फोडणें निराळें आणि चौघांचे जीव घेणें निराळें, असें कोणी म्हणेल, व तें रास्त आहे. सांगणाऱ्याचा दोष दाखविल्यानें करणाऱ्याचा धुऊन निघत नाहीं. धर्मराजानें द्रोणाचार्यांपुढें अर्धसत्य उच्चारलें तें श्रीकृष्णाच्या सांगण्यावरून. तरी भूमीला न शिवणारा रथ खालीं टेकला तो धर्मराजाचाच. परंतु धर्मराजास नाहीं म्हणतां आलें असतें. जो केवळ सत्य सांगण्यासाठींच घडविला गेला, त्यास तो मार्ग कितपत मोकळा होता? आमच्या मतें चौघांच्या मरणाचा अर्धा वांटा पृथ्वीवर बसलेल्या, सभ्य पोशाखांतील त्या अधिकाऱ्यांकडे जातो; आणि त्यांच्यावर कोणता खटला झाल्याचें चित्रपट सांगत नाहीं.

बोमन आंत शिरून हॅलच्या स्मृतीचे तुकडे एकेक काढूं लागतो. हॅल म्हणतो, मला भीति वाटते. मग लहान मुलासारखा आपला जन्मदिवस सांगतो, १२ जानेवारी १९९२, आणि शिकविलेलें गाणें म्हणूं का, असें विचारतो. बोमन म्हणतो, म्हण. तें गाणें ‘डेझी बेल’. १९६१ सालीं बेल प्रयोगशाळेंत गणकयंत्राकडून हेंच गाववून घेतलें होतें. ज्यानें आपल्या सोबत्यास मारलें त्याचें गाणें ऐकत बोमन हात थांबवीत नाहीं, आणि त्यास गप्पही करीत नाहीं. याहून न्याय्य वागणूक त्या क्षणीं कोणती असती, तें आम्हांस सुचत नाहीं.

पुतण्या आतां पस्तिशीला आला आहे. गेल्या दिवाळींत आम्हीं हा चित्रपट त्याच्यासह पुन्हां पाहिला. फ्लॉइडचा संदेश लागला तेव्हां तो पडद्याकडे पाहतच म्हणाला, ‘काका, हें आधीं सांगायला काय झालें होतें?’ आम्हीं उत्तर दिलें नाहीं.