बक्षीस आणि प्रीती

शब्बाथशाळेच्या काही शिक्षकबंधूंनी आम्हांस विचारले आहे की, विशेष मुलांस शिकविण्याकरिता शहरांतून जी ‘एबीए’, म्हणजे उपयोजित वर्तनविश्लेषण, नावाची पद्धती चालते, ती ख्रिस्ती मनुष्याने हाती घ्यावी की नाही. ह्या पद्धतीत मोठे काम लहान लहान पायऱ्यांत फोडतात, आणि मुलाने एक पायरी बरोबर केली की तत्काळ त्यास आवडीचे असे काही देतात. शंका दोन आहेत. खाऊच्या आशेने केलेले कृत्य चांगले कसे म्हणावे? आणि ज्या शास्त्रात आत्म्याचे नावही नाही, केवळ दिसणाऱ्या वागणुकीची मोजदाद आहे, ते प्रार्थना करणाऱ्याने का शिकावे?

ह्यांचे उत्तर आम्ही पुस्तकांवरून लिहिणार होतो. परंतु मध्यंतरी कामानिमित्त पुण्यास जाणे झाले, आणि तेथील मंडईत जे पाहिले ते आधी सांगितले पाहिजे.

ही मंडई 1886 साली उघडली. दगडी इमारत, मध्ये उंच अष्टकोनी मनोरा. आरंभी तिला गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचे नाव होते. आता ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. (ज्या जोतीरावांनी नगरपालिकेत ह्या बांधकामाच्या खर्चास विरोध केला, त्यांचेच नाव तिला लाभले! ते स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, आणि 1848 साली त्यांनी मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा येथून फार दूर नव्हता.) सकाळच्या वेळी आत एवढा गलबला असतो की खेड्यातील मनुष्य गांगरून जातो. अशा ठिकाणी एक बाई बारा वर्षांच्या एका स्वमग्न मुलास भाजी घेण्यास शिकवीत होत्या.

मुलास बोलणे फार थोडे येत होते. बाईंनी भाजी घेण्याचे काम पायऱ्यांत फोडले होते: पिशवी उघडून धरणे, गाळ्यासमोर उभे राहणे, ‘मावशी, भेंडी’ एवढे म्हणणे, नोट देणे, उरलेले पैसे घेईपर्यंत थांबणे. प्रत्येक पायरीस एक फुटाणा आणि एक ‘शाब्बास’. आम्ही विचारपूस केली तेव्हा कळले की, पहिले काही दिवस धडा केवळ दाराशी उभे राहून परत जाण्याचा होता. त्यासही फुटाणा मिळत असे.

नोट देण्याच्या वेळी एक हातगाडीवाला मोठ्याने ओरडत गेला आणि मुलाने कान झाकून खाली बसकण मारली. आता बाई काय करतात हे आम्ही पाहू लागलो. त्यांनी फुटाणा दिला नाही. परंतु त्या रागावल्या नाहीत, उठ म्हणाल्या नाहीत. पाल्याच्या चिखलात त्याच्याशेजारी जाऊन बसल्या आणि तो शांत होईपर्यंत बसून राहिल्या. मग तो उठला व त्याने नोट दिली. भाजीवाल्या मावशींनी भेंडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवल्या, जशा त्या सर्वांना ठेवतात.

आता शास्त्राकडे वळू. ते देवाच्या वैऱ्यांनी रचले अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडावी. कुत्र्यांवर प्रयोग करणारे रशियातील पाव्हलॉव्ह हे धर्मगुरूचे पुत्र असून प्रथम सेमिनरीत शिकले. ज्या कृतीचे फळ सुखद ती प्राणी पुन्हा करतो, हे 1898 साली मांजरांवरून दाखविणारे अमेरिकेतील थॉर्नडाइक हे मेथडिस्ट पाळकाचे पुत्र. आणि ह्या पद्धतीचा पाया घालणारे बी. एफ. स्किनर प्रेस्बिटेरियन घरात वाढले. त्यांच्या आजीने शेगडीतील निखारे दाखवून त्यांस नरक समजावून दिला होता! पुढे त्यांनी विश्वास सोडला, आणि आपल्या मर्जीने वागणारा स्वतंत्र मानव ही कल्पनाच टाकून द्यावी, असे 1971 च्या ग्रंथात प्रतिपादिले. हे आम्हांस मान्य नाही. जो पश्चात्ताप करू शकतो त्यास आम्ही परिस्थितीचे खेळणे मानू शकत नाही. परंतु शिक्षेने मूल पुष्कळदा शिक्षा चुकविण्यासच शिकते, हे स्किनर आयुष्यभर सांगत आले. 2009 च्या कायद्याने शाळेत मुलांस मारण्यास बंदी झाली तरी आपल्या काही शब्बाथशाळांच्या कोपऱ्यात अद्याप छडी उभी आहे. ती उभी असेपर्यंत फुटाण्याचा दोष काढण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

तथापि ह्या पद्धतीचे पापही झाकू नये. 1960 नंतरच्या दशकात लॉस एंजेलिस येथे लोव्हास ह्यांनी ती स्वमग्न मुलांस लावली तेव्हा थप्पड व विजेचा झटकाही वापरला. आज अशी मुले मोठी होऊन बोलू लागली आहेत. आम्ही हात हलवीत होतो त्याने कोणाचे काय बिघडत होते, आम्हांस डोळ्यांत पाहण्यास का भाग पाडले, असे त्यांतील पुष्कळजण विचारतात. जे वागणे बदलावयाचे ते मुलाच्या हितासाठी की आमच्या सोयीसाठी, हा प्रश्न मोजदादीच्या कागदावर सुटत नाही.

येथे आम्हांस आमचीच गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो तेव्हा एका गावी शब्बाथशाळा चालविताना, जो वचन पाठ म्हणेल त्यास रंगीत चित्र, असा नियम आम्ही केला. एका मुलाच्या ध्यानात काही राहत नसे. वर्षभर त्यास एकही चित्र मिळाले नाही. नियम तो नियम, असे आम्ही समजत होतो; आणि खरे सांगावयाचे तर, पाठ म्हणणाऱ्यांकडे पाहून आम्ही हसत असू, त्याच्याकडे पाहून हसत नसू. नाताळापूर्वी तो येईनासा झाला. आम्ही त्याच्या घरी गेलो नाही.

मंडईत त्या बाई चिखलात बसल्या तेव्हा आमची चूक आम्हांस समजली. चूक चित्र देण्यात नव्हती. प्रभूनेही प्रतिफळाचे नाव वर्ज्य केले नाही; गुप्तपणे देणाऱ्यास पिता प्रतिफळ देईल असे त्याने शिकविले. चूक ही की, पायरी आम्ही त्या मुलाच्या पायाला पुरेल एवढी केली नाही, आणि चित्राबरोबर आमचे मुखही अटीवर ठेवले. फुटाणा अटीवर द्यावा. अन्न, पाणी, विश्रांती, मांडी आणि शेजारी बसणे ही अटीवर देऊ नयेत. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासास आलेल्यालाही पुऱ्या दिवसाची मजुरी मिळाली, कारण धनी मोजमाप विसरला होता असे नव्हे. त्याला देण्याची इच्छा होती.

आपणांस हा भेद इतरांहून अधिक कळावा. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर, धान्यासाठी बाटले, हा टोमणा आपल्या वाडवडिलांनी ऐकला आहे. कोणी कोणत्या हेतूने मिशनच्या दारी आला हे देव जाणे. परंतु जेथे भाकरी अट न घालता वाढली गेली, तेथे ती खाल्ल्याची लाज वाटण्याचे कारण नाही. आणि जेथे अट घातली गेली, तेथे लाज खाणाऱ्याची नव्हे.

म्हणून विचारणाऱ्या बंधूंस आमचे सांगणे असे की, पद्धती शिका. त्या मुलाच्या आईस विचारून पायऱ्या ठरवा, आणि पहिली पायरी इतकी लहान करा की मंदातल्या मंद मुलास पहिल्याच रविवारी काही मिळावे. स्तोत्र पाठ येत नसेल तर टाळ्या वाजविणे ही पायरी होऊ शकते. पुढे खाऊ हळूहळू कमी करता येतो; तीही ह्या शास्त्राचीच शिकवण आहे.

तो मुलगा आता तिशीच्या आसपास असेल. ऊसतोडीस जातो असे कळते. टोळी परतली की आम्ही त्याच्या घरी जाणार आहो. चित्रांचा जुना डबा अजून आमच्याजवळ आहे. तो बरोबर न्यावा की नाही, हे अद्याप ठरले नाही.