राक्षसपार्टी

दिवाळीच्या चार दिवसांत आपण दोन असुरांची आठवण काढतो आणि दोघांशी अगदी निरनिराळे वागतो, ही गंमत फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, की कित्येक घरी पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडून नरकासुराचा वध होतो. पुढे पाडव्याला ज्याचे राज्य परत येवो म्हणून आपण मागणे मागतो, तो बळीही असुरच. एकाच्या वाट्याला अंगठा, दुसऱ्याच्या वाट्याला पूजा. आपले पूर्वज माणसाची पारख कुळावरून करीत नसत, करणीवरून करीत, असे यावरून म्हणायला हरकत नाही.

पण हे शहाणपण रंगभूमीच्या पडद्यापाशी येऊन अडखळते. तिथे कुळ नको, करणीही नको. नुसत्या सोंगावरून माणसाचा निकाल लागतो. रामाचे काम करणाऱ्याच्या पाया पडायला बायाबापड्या पुढे होतात. रावणाचे काम करणारा मात्र रंग पुसून बाहेर आला, तरी पोरे त्याच्यापासून दोन हात दूर राहतात. वाईट माणसाचे काम चांगल्या माणसाने उत्तम केले, तर त्याच्या पदरी काय पडावे, हा प्रश्न वरवर हलका दिसतो. पण त्याच्या पोटात आपल्याच नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते.

मी कुपवाडचा. सांगली आणि मिरज या दोन थोरल्या बहिणींच्या शेजारी वाढलेले आमचे गाव. एके काळी शेतीवाडीचे; पुढे औद्योगिक वसाहत आली, भोंगे वाजू लागले, आणि 1998 साली तिघांची मिळून एक महानगरपालिका झाली. त्यामुळे सांगलीचे नाट्यवैभव आम्ही थोडेसे हक्काने आपले म्हणतो. 5 नोव्हेंबर 1843 रोजी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ नाटक केले, आणि त्या दिवसाला आपण आजही मराठी रंगभूमी दिन म्हणतो. त्या काळच्या नाटकमंडळ्यांत पात्रांची सरळ वाटणी असे. एक देवपार्टी, एक राक्षसपार्टी आणि एक स्त्रीपार्टी. राक्षसपार्टीची मंडळी तोंडे रंगवून, तलवारी परजीत, अशा काही आरोळ्या ठोकीत, की पुढे थट्टेने त्या नाटकांना ‘अललडुर्र’ असेच नाव पडले.

त्या राक्षसांपैकी एकाचेही नाव आज कुणी घेत नाही. मला मात्र त्यांच्याविषयी फार कुतूहल वाटते. रात्रभर आरोळ्या ठोकून घसा बसलेला तो गृहस्थ पहाटे बिऱ्हाडी येत असेल, तेव्हा दार उघडणाऱ्या बायकोशी काय बोलत असेल? गावातल्या आया ज्याच्या नावाने मुलांना भिववीत, तो स्वतःच्या तान्ह्याला अंगाई कशी म्हणत असेल?

या राक्षसपार्टीचा आपल्या काळातला सर्वात मोठा वारस म्हणजे निळू फुले. 1930 साली पुण्यात जन्मलेला हा माणूस सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होता. ऐंशी रुपये पगारातले दहा रुपये तो राष्ट्र सेवा दलाला देई, असे सांगतात. सेवा दलाच्या कलापथकात तो घडला, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्याचे नाव झाले, आणि 1968 साली ‘एक गाव बारा भानगडी’मधून तो पडद्यावर आला. पुढची कित्येक वर्षे तो सरपंच झाला, सावकार झाला, पाटील झाला, साखरसम्राट झाला. आवाज न चढवता, नुसत्या तिरक्या नजरेने त्याने उभ्या महाराष्ट्राला जरब बसवली. पडद्याबाहेर हाच माणूस अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीशी जोडलेला होता, आणि पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांना चार पैसे मानधन मिळावे म्हणून डॉ. श्रीराम लागूंच्या जोडीने सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करीत होता. 13 जुलै 2009 रोजी तो गेला.

आणि या माणसाला पाहून गावोगावच्या बायका कडाकडा बोटे मोडीत! रसिक मंडळी यावर एक ठरलेले उत्तर देतात. शिवी हीच खलनायकाची पावती, असे ते म्हणतात. उत्तर चटकदार आहे, पण ते अर्धेच आहे. पावती घेणाऱ्याचा हिशेब त्यात चुकता होतो, देणाऱ्याचे काय?

सोंग किती चिवटपणे माणसाला चिकटते, हे पाहायचे तर शेजारच्या कोल्हापुराकडे पाहावे. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्याचे काम इतके हुबेहूब केले, की जगाने त्यांना तसेच मानले. बायकापोरांचा हा संसारी माणूस 2008 साली वारला, तोपर्यंत त्या टिंगलीने त्यांची पाठ सोडली नाही. तिची झळ त्यांच्या घरालाही लागली. साता समुद्रापलीकडेही मनुष्यस्वभाव हाच. 1939 सालच्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या हॉलीवूडच्या चित्रपटात दुष्ट चेटकिणीचे काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन या बाई मूळच्या बालवाडीच्या शिक्षिका. ज्यांनी मुलांना जीव लावला, त्यांनाच मुले भिऊ लागली. अखेर 1975 साली मुलांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात बाई आपल्या साध्या वेषात आल्या, आणि चेटकिणीचे कपडे मुलांच्या डोळ्यांदेखत एकेक करून अंगावर चढवले. हे नुसते कपडे आहेत, आत मी आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते. लहान मुलांना ते पटले असेल. मोठ्यांना पटवणे अवघड.

ही तक्रार फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कथा आहे, की पहिलेच नाटक झाले ते इंद्रध्वजाच्या उत्सवात, आणि त्यात दैत्यांचा पराभव दाखवलेला होता. प्रेक्षकांत बसलेले दैत्य खवळले. त्यांनी नटांची वाणी गोठवली, हालचाल गोठवली, स्मरणशक्तीदेखील गोठवली. इंद्राने जर्जर नावाचा दंड उचलून त्यांना बडवून काढले. पण तेवढ्याने भागले नाही. शेवटी ब्रह्मदेवाला मध्ये पडून समजूत घालावी लागली, की बाबांनो, हे नाटक एकट्या देवांचे नाही किंवा एकट्या तुमचेही नाही. यात तिन्ही लोकांचे भाव आहेत. दंडाने जे साधले नाही ते या एका वाक्याने साधले. देव आणि दैत्य दोघेही आपल्यातच आहेत, हे मान्य झाल्यावाचून नाटक सुरू होऊ शकत नाही, असा मी या कथेचा अर्थ घेतो.

आपण नेमके तेच मान्य करीत नाही. नटाला आपण ‘पात्र’ म्हणतो. किती अर्थपूर्ण शब्द आहे हा! पात्र म्हणजे भांडे. भांड्यात जे ओतावे ते ते धरून ठेवते. दिवसभर मनात साठलेला संताप, अपमान, लाचारी हे सारे आपण संध्याकाळी त्या भांड्यात ओततो आणि मोकळे होऊन घरी जातो. ओतून झाल्यावर वाटते, आपण अन्यायाविरुद्ध उभे राहिलो. खरे पाहता आपण फक्त बसलो होतो.

आमच्या आळीत एक म्हाताऱ्या आजी आहेत. दूरदर्शन संचावर जुना मराठी चित्रपट लागला आणि निळू फुले धोतराचा सोगा सावरीत दारातून आत आले, की आजी संचापुढे हात नाचवून म्हणतात, “आला मेला! मुडदा बशिवला तुझा!” त्यांचा मुलगा इथल्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. त्याचे जादा कामाचे तीन महिन्यांचे पैसे ठेकेदाराने अडकवून ठेवले होते. तो ठेकेदार गेल्या दिवाळीत आळीत फराळाला हिंडत आला, तेव्हा याच आजींनी पुढे होऊन त्याला खुर्ची दिली. “या की साहेब, बसा. गरिबाच्या घरचा लाडू गोड करून घ्या,” असे म्हणून वर नातवाला त्याच्या पाया पडायला लावले.

आजींना हसण्याची माझी छाती नाही. पोटासाठी माणसाला काय काय गिळावे लागते, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. पण निळू फुल्यांनी त्यांचा एक पैसाही कधी बुडवला नव्हता, आणि ज्याने बुडवला तो समोर लाडू खात होता. एकच राग दोन पत्त्यांवर जाऊ शकत नाही. तो चुकीच्या घरी पोचता झाला, की बरोबर घरी जायला शिल्लक उरत नाही. वाईट माणसाचा द्वेष करणे हे पुण्य आहे असे आपण धरून चालतो. परंतु ज्या द्वेषाची किंमत आपल्याला काहीच पडत नाही, त्यात पुण्य कितीसे असणार?

नटाचे काम याच्या अगदी उलट असते. दुष्ट माणसाचा नुसता द्वेष करून त्याचे सोंग वठवता येत नाही. तो पान कसे खातो, कुणाकडे पाहून हसतो, रात्री त्याला झोप लागते की नाही, हे आतून समजून घ्यावे लागते. 1975 सालचा ‘सामना’ आठवा. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा तालुक्याचा कायापालट करणारा कर्तबगार माणूस आहे. रस्त्यावर पडलेल्या दारुड्या मास्तराला तो आपल्या वाड्यात थारा देतो. त्याच्याविषयी आपल्याला आपुलकी वाटू लागते, आणि म्हणूनच मास्तर पुन्हा पुन्हा मारुती कांबळेविषयी विचारू लागतो, तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हाला असा माणूस ओळखीचा वाटतो. तो शिंगे लावून येत नाही. तो आपल्या घरी लग्नाला येतो, अडीनडीला उभा राहतो, आणि एखादा प्रश्न मात्र विचारू देत नाही. दुष्टपणाची ही खरी ओळख निळू फुल्यांनी आपल्याला करून दिली. त्या ओळखीचा उपयोग आपण त्यांनाच शिव्या देण्यासाठी केला, हा त्यांचा दोष नव्हे.

राक्षसपार्टीचे ऋण फेडायचे तर ते टाळ्यांनी फिटणार नाही, शिव्यांनी तर नाहीच. पडद्यावर पाहिलेला चेहरा उजेडात ओळखता आला, तरच ते थोडेफार फिटेल. त्यासाठी तलवार परजायला नको की आरोळी ठोकायला नको. ‘सामना’तल्या मास्तराकडे तरी एका प्रश्नावाचून दुसरे काय होते?

परवा ठेकेदार यंदाच्या फराळाला आळीत आला. आजींनी नेहमीप्रमाणे खुर्ची पुढे केली. त्यांच्या सुनेने ताट आणून ठेवले, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि पदर सावरीत अगदी शांतपणे विचारले, “चिवडा घ्या की साहेब. आणि यांचं त्या तीन महिन्यांचं पैसं कधी देताय?” आजींचा हात पदराशी थबकला. ठेकेदाराने घास तसाच ताटात ठेवला आणि पाडवा झाल्यावर बघू, असे काहीसे पुटपुटत तो उठला. पैसे अजून आलेले नाहीत. पण सून रोज संध्याकाळी त्याच्या कचेरीवरून जाते, आणि जाता जाता दारात उभी राहून तेवढाच एक प्रश्न विचारते.