कापलेला कोपरा

माझ्याकडे परळच्या एका चाळीचा फोटो आहे. चाळीची रस्त्याकडची भिंत, त्यावर दुसऱ्या मजल्यापर्यंत उंच सावित्रीबाई फुले, आणि त्यांच्यासमोर पाट्या घेऊन बसलेल्या पाच मुली. फोटोच्या उजव्या बाजूला, खाली अगदी कडेला, पिवळ्या रंगाची एक उभी रेघ आणि तिला चिकटलेलं अर्धं वर्तुळ दिसतं. ती चित्रकाराच्या सहीची सुरुवात आहे. पुढची सही मी कापली.

फोटो २०१४ च्या डिसेंबरातला. मुंबईतल्या भिंतींवरची चित्रं शोधायची, त्यांची नोंद ठेवायची, या ध्यासात मी तेव्हा पुरता बुडालो होतो. सुरुवात झाली होती तुलसी पाइप रोडवर. ऑगस्ट २००९ मध्ये महापालिकेच्या परवानगीने शेकडो लोकांनी माहीम-दादरच्या बाजूची रेल्वेची लांबच लांब भिंत रंगवली. त्यांत चित्रकार होते, विद्यार्थी होते, आयुष्यात कधी ब्रश न धरलेलेही होते. मी रोज त्या रस्त्याने जायचो आणि चित्रं विटताना बघायचो. खालून ओल चढते, भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पोपडे निघतात, वर कुणीतरी क्लासची पत्रकं चिकटवतं. तीन-चार पावसाळ्यांत ओळखीचं चित्र ओळखू येईनासं होतं. कुणीतरी हे टिपून ठेवायला हवं, असं मनापासून वाटलं आणि मी कॅमेरा घेतला. त्या वाटण्यात खोट नव्हती, हे आजही सांगतो.

मग दर रविवारी फिरायला लागलो. वांद्र्याच्या चॅपेल रोडवरची अनारकली पाहिली. २०१४ मध्ये वांद्र्यालाच एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके उभे राहिले, तेव्हा तर किती खेपा घातल्या याची मोजदाद नाही. दोन्ही चित्रं रणजीत दहिया यांची. हरियाणातून आलेला, एकेकाळी घरांना चुना मारणारा हा माणूस पुढे अहमदाबादच्या एनआयडीत शिकला आणि हिंदी सिनेमाचे चेहरे मुंबईच्या भिंतींवर रंगवू लागला, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. नाव दोनदा तपासलं, दहिया की दाहिया. २०१७ मध्ये ससून डॉकवर कलाप्रकल्प झाला. १८७५ साली बांधलेल्या त्या गोदीत, मासळीच्या वासात मी चार दिवस काढले आणि प्रत्येक कलाकाराचं नाव टिपलं. ती नावं छापील पत्रकात होती, मला ती फक्त उतरवून घ्यायची होती.

परळच्या भिंतीवरचं नाव पत्रकात नव्हतं. ते भिंतीवरच होतं. पिवळ्या ऑइल पेंटने, वळणदार अक्षरात, पुढे ‘आर्ट्स’ आणि त्याखाली मोबाइल नंबर. कॅमेऱ्यातून बघताना मला ती जाहिरात वाटली. बाजूला एक स्कूटरही उभी होती. घरी येऊन मी फोटो दोन बोटं आत घेतला आणि मूळ फाइल जागा अडवते म्हणून पुसून टाकली. नोंदवहीत कलाकाराच्या रकान्यात लिहिलं, ‘अनामिक’.

गेल्या वर्षी एका बाईंचा फोन आला. त्यांची चाळ पुनर्विकासात पाडली गेली आहे. रहिवाशांना जुन्या आठवणींची स्मरणिका काढायची आहे. ‘दादा, तुमच्याकडे आमच्या भिंतीचा फोटो आहे असं कळलं.’ मी आनंदाने बोलावलं. मोठ्या पडद्यावर फोटो उघडला तशा त्या पुढे सरकल्या आणि त्यांनी डावीकडून तिसऱ्या मुलीवर बोट ठेवलं. ‘ही मी.’

चित्र काढायला आलेल्या पेंटरकाकांनी चाळीतल्याच पाच मुलींना समोर बसवलं होतं. ह्या बाई तेव्हा दुसरीत. काकांनी आधी कागदावर चौकटी आखल्या, मग निळीत बुडवलेला दोरा ताणून भिंतीवर मोठ्या चौकटी पाडल्या आणि एकेक चौकट भरत वर गेले. परांचीवर त्यांना चहा पोचवायला बादलीला दोरी बांधली होती. ‘तुझी पाटी कोरी का ठेवू, काय लिहू सांग,’ असं त्यांनी विचारलं, आणि हिने आपलं नाव सांगितलं. फोटो मोठा करून बघितला तर पाटीवर खरोखर तीन अक्षरं आहेत. इतकी वर्षं मी त्यांना पांढरे फटकारे समजत होतो.

वर्गणी कमी पडली तेव्हा काकांनी उरलेले पैसे सोडून दिले होते. त्यांचं नाव स्मरणिकेत यायला हवं होतं. पण चाळीत सगळे त्यांना पेंटरकाकाच म्हणत, आणि ज्यांनी त्यांना बोलावलं ते आता नाहीत. ‘पण खाली त्यांनी नाव लिहिलं होतं, ते असेल ना फोटोत?’ बाईंनी विचारलं.

मी त्यांना ती पिवळी रेघ दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. फोटो घेऊन गेल्या.

त्या रात्री मी नोंदवही काढून बसलो. ‘अनामिक’ हा शब्द मी सदतीस भिंतींपुढे लिहिला होता. फाळक्यांच्या चित्रापुढे नाही, ससून डॉकच्या एकाही चित्रापुढे नाही. वस्तीतले बुद्ध, बाबासाहेब, शाळेच्या कुंपणावरची वर्णमाला, तालमीबाहेरचा मारुती, मंडळाच्या ऑफिसवरचे शिवाजी महाराज यांच्यापुढे. व्याख्यानांत मी हा शब्द फार हळुवारपणे उच्चारत असे. ‘या अनामिक कलावंतांनी...’ लोक भारावून ऐकत. त्यांतले किती जण अनामिक होते आणि किती मी केले, हे आता मला सांगता येत नाही.

घाई झाली, अनवधानाने झालं, असं स्वतःला सांगून पाहिलं. ते टिकत नाही. अनवधान असतं तर कधी दहियांचं नावही सुटलं असतं. ज्याला संस्थेने बोलावलं तो कलाकार, आणि ज्याला चाळीने वर्गणी काढून बोलावलं तो रंगारी, ही वाटणी मी कुणी न सांगता केली होती. मोबाइल नंबर मला खुपला कारण तो काम मागत होता. बॅनर रंगवणाऱ्यांचा धंदा फ्लेक्सने बसवला होता आणि पुढचं काम मिळायला त्या माणसापाशी तो कोपराच होता. भिंत पावसाने खाल्ली असती, बिल्डरने पाडली असती, तरी नाव माझ्याकडे राहिलं असतं. राखण करायला गेलो आणि भिंतीच्या आधी नाव मीच पुसलं.

सदतीसांपैकी ज्या भिंती उभ्या आहेत तिथे आता पुन्हा जातो आहे. आधी खालचा कोपरा टिपतो, मग चित्र. नऊ नावं मिळाली. नंबर मिळाला तर फोन लावतो. बहुतेक बंद आहेत. एक लागला. मी म्हटलं, ‘तुम्ही अमुक वस्तीत बुद्ध काढला होता, त्याबद्दल बोलायचंय.’ पलीकडून पटकन विचारलं, ‘काम आहे का?’ नाही म्हणताना जीभ जड झाली. ते म्हणाले, ‘असू दे. या.’

लालबागच्या एका गल्लीत ते आता नंबरप्लेटा रंगवतात. मी परळचा फोटो नेला होता. त्यांनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. लुगड्याच्या चुण्यांवरून बोट फिरवलं. ‘हात ओळखीचा आहे. चुणीला कडेने निळी छटा देणारे आमच्यात दोघं-तिघंच. एक गावी गेला चिपळूणकडे. विचारतो.’ मी फोटो परत घ्यायला हात पुढे केला तर म्हणाले, ‘राहू दे इथे. चार जणांना दाखवायला लागेल.’ मग फोटो उलटा करून पेन माझ्या हातात दिलं.

‘मागे तुमचं नाव लिहा. नंबर पण. नाहीतर मी कुणाला कळवू?’