मालकी मागण्याआधी

‘ही कंपनी तुमचीच आहे, आपली समजून काम करा,’ हे वाक्य ऐकले नाही असा नोकरदार शोधून सापडणार नाही. चाकणच्या कारखान्यात ते वर्धापनदिनी ऐकू येते, हिंजवडीच्या कार्यालयात तिमाही बैठकीत. बोलणारा बहुधा मनापासून बोलत असतो. पण दुसऱ्याच दिवशी त्या ‘मालकाला’ किरकोळ खर्चासाठी तीन सह्या आणाव्या लागतात. कंपनीला नफा किती झाला हे त्याला वर्तमानपत्रातून कळते, आणि आपला विभाग बंद होतोय हे ई-मेलवरून. जबाबदारी मालकाची आणि अधिकार नोकराचे, अशी ही वाटणी आहे. माणसे मन लावून काम करत नाहीत, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा याच वाटणीत असते. ती दुरुस्त करणे हे नेतृत्वाचे पहिले काम आहे, असे मला ठामपणे वाटते.

याचा दाखला आपल्या स्वयंपाकघरातच आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही सामाजिक कार्यकर्ते छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपयांवर गेली. हाच उद्योग पुढे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ झाला. आज त्यात सुमारे 45 हजार सभासद, म्हणजे तिथल्या भाषेत ‘बहिणी’, आहेत आणि त्यातली प्रत्येक जण सहमालक आहे. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या यशाचे श्रेय सहसा जिद्दीला दिले जाते. जिद्द होतीच, पण जिद्दीने सुरू झालेले अनेक उद्योग दुसरा पावसाळा पाहत नाहीत. लिज्जतच्याही पहिल्या वर्षी ऊन नसल्यामुळे चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली, आणि काम चालू. काम थांबले की ज्यांची स्वतःची कमाई थांबते, त्यांना उपाय शोधायला कुणी सांगावे लागत नाही.

पण नुसत्या आपुलकीवर संस्था चालत नाही, हे पारेखांनी, म्हणजे सगळ्यांच्या छगनबाप्पांनी, सुरुवातीलाच ओळखले होते. पहिल्या दिवसांत बायका दोन प्रतीचे पापड करत. दुय्यम प्रतीचे स्वस्तात विकावेत असा हेतू होता. छगनबाप्पांनी सांगितले, एकच प्रत ठेवा आणि तिच्याशी कधीही तडजोड करू नका. हिशेब चोख ठेवण्याचा आग्रहही त्यांचाच. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हेही तेव्हाच ठरले. बाहेरून आलेल्या माणसाने एवढेच केले: न हलणाऱ्या दोन-तीन गोष्टी ठरवून दिल्या आणि बाकीचे बायकांच्या हाती सोपवले. नेतृत्वाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

ही शिस्त रोजच्या कामात कशी उतरते ते लिज्जतच्या केंद्रावर दिसते. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी मध्यवर्ती असते, त्यामुळे चव सगळीकडे सारखी राहते. सकाळी बहीण आदल्या दिवशी घरी लाटून वाळवलेले पापड घेऊन येते. ते तपासले जातात, वजन होते आणि लाटण्याची मजुरी, जिला तिथे वणाई म्हणतात, तिच्या हातात पडते. मग आजचे भिजवलेले पीठ घेऊन ती घरी जाते. घरात लाटायला जागा नसेल, तर पीठ मळणे, पॅकिंग, तपासणी अशी कामे केंद्रावर असतात. घरी लाटण्याची पद्धतही गरजेतून आली: तिसऱ्या वर्षापर्यंत सभासद तीनशेच्या वर गेल्या आणि गच्ची अपुरी पडू लागली. काम घरोघर विखुरले तरी दर्जा विखुरला नाही, कारण प्रत्येक पापड रोज वजनकाट्यापुढे येत होता. हाताखालच्या माणसांच्या मागे उभे राहावे लागू नये असे वाटत असेल, तर मोजमाप आधी पक्के करावे लागते.

आता अधिकारांची बाजू. संचालिका होतात त्या लाटणाऱ्यांतूनच. 21 जणींची व्यवस्थापन समिती असली तरी निर्णय सहमतीने होतात आणि कुठलीही बहीण एखादा निर्णय अडवू शकते. पुरुष पगारी नोकर असू शकतात, सभासद नाही. नफ्याच्या वाटपात कोण जुनी, कोण मोठ्या पदावर, हे पाहिले जात नाही. जिला नकाराचा अधिकार आहे आणि नफ्यात वाटा आहे, तिला ‘आपले समजून काम कर’ असे सांगायची वेळच येत नाही.

सभासदांची मालकी म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला सहकारी साखर कारखाने आठवतात, आणि आठवायलाच हवेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला घालून दिलेली वाट मोठी होती. तरीही पुढे कित्येक कारखाने कर्जात बुडाले, भाड्याने गेले, विकले गेले. शेतकरी कागदोपत्री मालकच होता. पण त्याची मालकी वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणण्यापुरती उरली. हिशेब डोळ्यांआड गेला, नकार देण्याची सोय राहिली नाही. मालकीला रोजचा हिशेब आणि रोजचा आवाज नसेल तर तिचे एवढेच होते.

यावर एक आक्षेप असा की खासगी कंपनीला हे जमणार नाही. सगळे जमणार नाही, हे खरे. सहमतीने निर्णय घेताना वेळ लागतो, आणि वेगाने बदलणाऱ्या धंद्यात तो परवडतोच असे नाही. वणाईच्या कमाईलाही मर्यादा आहेत. पण काही गोष्टी नक्की जमतात. 1981 साली पुण्यात सातजणांनी सुरू केलेल्या इन्फोसिसने नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना समभाग दिले. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला तर साधा कामगारही दोरी ओढून उत्पादन थांबवू शकतो. या दोन्ही नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या आहेत.

शिवाय समभाग देणे ज्याच्या हातात नाही, अशा दहा माणसांच्या चमूच्या प्रमुखालाही बरेच काही करता येते. आपल्या विभागाचा खर्च आणि उत्पन्न दर महिन्याला सगळ्यांपुढे मांडता येते. चांगले काम म्हणजे काय, हे काम सुरू होण्याआधी ठरवता येते आणि तोच निकष स्वतःलाही लावता येतो. सर्वांत कनिष्ठ माणसाने ‘हे चुकतंय, थांबूया’ म्हटले तर खरोखर थांबता येते. पुढचा प्रमुख चमूतूनच तयार करता येतो. यातल्या एकाही गोष्टीला संचालक मंडळाची परवानगी लागत नाही. लागते ती थोडी सत्ता सोडण्याची तयारी, आणि अडचण नेमकी तिथे असते. भाषणातून मालकी वाटणे फुकट असते; हिशेब उघडा करताना आणि ‘नाही’ ऐकून घेताना किंमत मोजावी लागते. ती ज्याने मोजली नाही, त्याने माणसे मन लावून काम करत नाहीत अशी तक्रार करू नये.