कवड्यांच्या माळेचे मोल
तुळजापुरास आई भवानीच्या दर्शनाला येणारा आराधी जी कवड्यांची माळ गळ्यात धारण करतो, तिच्यातील कवडी कोणे एके काळी बाजारात चलन म्हणून फिरत असे. आणि जी वस्तू इतरांचे मोल मोजीत होती तिचेच मोल कोणत्या मापाने ठरवावे, हा प्रश्न, अशी माळ घरी ओवून मोबाइलवरून दूरच्या ग्राहकास विकू पाहणाऱ्या स्त्रीपुढे केवळ व्यापाराचा उरत नाही. कवड्या, दोरा, टपालखर्च, विक्री करून देणाऱ्या कंपनीची दस्तुरी, यांचा हिशेब सोपा. परंतु ओवण्यात वेचलेल्या प्रहरांचा मेहनताना मागताना, देवीच्या नावे द्रव्य मागितल्याचा दोष लागेल की काय, या शंकेने तिचा हात आखडतो. ही शंका मला अस्थानी वाटते. तुळजापूरच्याच जिल्ह्यातील तेर गावचे संत गोरोबाकाका मडकी घडवून संसार चालवीत, आणि वारकरी परंपरेने त्यांच्या चाकाला भक्तीचा अडसर कधी मानले नाही. श्रमाचा मोबदला उघडपणे मागावा. संकोचापोटी भाव पाडला, तर शेजारणीच्या श्रमाचाही भाव पडतो. मात्र माळ ‘सिद्ध’ आहे, संकट निवारील, असे सांगून किंमत चढविणे निराळे. कारण कृपा ही विकणारीच्या मालकीची वस्तूच नव्हे.