गरीब आणि होतकरू

जून महिना आला की वर्तमानपत्रांत, देवळांच्या फलकांवर, पतपेढ्यांच्या भिंतींवर एक वाक्य हमखास दिसतं : 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांकडून शिष्यवृत्तीसाठी अर्ज मागवण्यात येत आहेत.' हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आलोय. एका उन्हाळ्यात मी स्वतः असा अर्ज भरला होता, आणि आता गेली सात वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून असे अर्ज तपासतो. 'गरीब' कोण, हे आम्ही तहसील कचेरीतल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून ठरवतो. 'होतकरू' असल्याचा दाखला मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तो आम्ही देतो. माझा प्रश्न त्या दाखल्याबद्दल आहे.

आमचा उपक्रम छोटासा. दहावी झालेली खेड्यांतली वीस मुलं दरवर्षी निवडायची, अकरावी-बारावीची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च द्यायचा, आणि प्रत्येकाला एक मार्गदर्शक जोडून द्यायचा. मुलं त्याला 'मेंटॉर सर' म्हणतात. अर्ज साठ-सत्तर येतात. किमान 55 टक्के गुणांची अट आहे. मग मुलाखत. मुलाखतीच्या कागदावर एक रकाना आहे, 'ध्येयाची स्पष्टता', दहापैकी गुण.

चार वर्षांपूर्वी एक मुलगी आली. ऊसतोड कामगारांची. दहावीला 58 टक्के. आईबाप दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघायचे ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचे. धाकट्या दोन भावंडांसह ही गावात आजीपाशी. आम्ही विचारलं, "पुढे काय व्हायचंय?" ती बराच वेळ टेबलाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अजून ठरवलं नाही, सर." तिच्या आधीच्या मुलानं कलेक्टर होऊन समाजाची सेवा करणार असल्याचं सांगितलं होतं. त्याला मी आठ दिले. तिला तीन. तिची निवड दोन गुणांनी हुकली.

त्या रात्री मला माझी मुलाखत आठवली. मीही एका समितीपुढे उभा राहिलो होतो आणि 'इंजिनियर' म्हणालो होतो. इंजिनियर काय करतो, हे मला ठाऊक नव्हतं. पण आमच्या गुरुजींनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "काहीतरी एक सांग, गप्प बसू नकोस." म्हणजे मला मदत मिळाली ती माझ्या ध्येयामुळे नव्हे, तर ध्येय सांगायला हवं हे सांगणारा माणूस माझ्यापाशी होता म्हणून. त्या मुलीपाशी तो नव्हता. ती खरं बोलली आणि तिच्या खरं बोलण्याचे मी सात गुण कापले.

'होतकरू' हा शब्द मोठा लबाड आहे. त्याच्या पोटात भविष्यकाळ आहे : जो पुढे काहीतरी होईल असा. पण तो ओळखायला आपल्याजवळ फक्त भूतकाळ असतो. गुणपत्रक, बोलण्यातली चमक, वहीवरचं अक्षर. आणि या गोष्टी कुठून येतात? जन्मजात बुद्धी कुणी कमावलेली नसते, हे आपण चटकन मान्य करतो. जॉन रॉल्स हा तत्त्वज्ञ 1971 सालच्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात आणखी एक पाऊल पुढे जातो : कष्ट करण्याची तयारीदेखील घर आणि परिस्थिती यांच्यातून घडत असते, म्हणून तिचंही सगळं श्रेय माणसाला देता येत नाही. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. मी कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास हा माणूस माझ्याकडून काढून घेतोय, असं वाटलं. आता वाटतं, कंदील पेटता राहावा म्हणून माझी आई जागत होती. तो अभ्यास माझाच होता, पण एकट्याचा नव्हता.

याविरुद्ध जे म्हणणं आहे ते हलकं नाही. आमच्या समितीत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्यांचं म्हणणं : "पैसे वीस जणांचे आहेत आणि दारात सत्तर आहेत. कुणाला तरी नाही म्हणावंच लागणार. मग जी मुलगी पहाटे चारला उठून अभ्यास करते, तिला 'तुझ्या उठण्याला काही अर्थ नाही' असं सांगायचं का? आणि देणगी देणारा विश्वासाने पैसे देतो, त्याचं काय?" बाईंचं बरोबर आहे. कष्टांची दखल न घेणं हादेखील अन्यायच. पण दखल घेणं वेगळं आणि तीच मदतीची अट करणं वेगळं. बक्षीस कष्टाला द्यावं. मदत गरजेला द्यावी. आपण मदतीच्या रांगेत बक्षिसाचे नियम लावतो आणि त्याला गुणवत्ता म्हणतो.

आपल्याकडे या मदतीची परंपरा जुनी आहे. माधुकरी होती, वार लावून जेवणं होतं; पण ती जातीच्या उंबऱ्याआतली सोय होती. तो उंबरा ओलांडायला वसतिगृहं यावी लागली. शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत आणलं. वसतिगृह चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. स्वतः भाऊरावांना विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातून बाहेर काढलं गेलं होतं, आणि त्यांचं शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलं. आमच्या कागदावर त्यांना 'शिस्त' आणि 'शैक्षणिक प्रगती' या रकान्यांत किती गुण मिळाले असते, याचा मी अधूनमधून हिशोब करतो.

दुसरा हिशोब याहून अवघड आहे. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते, म्हणजे 38 टक्क्यांहून कमी. तेव्हाच्या आणि आताच्या परीक्षांची तुलना होत नाही हे खरं. तरी आमच्या 55 टक्क्यांच्या गाळणीतून हा आकडा खाली पडला असता, हेही खरंच. त्यांच्या आयुष्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर आले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाची या शिक्षकाने चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली, मॅट्रिकच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे पैशांअभावी शिक्षण अडलं तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

ही गोष्ट मी मुलांना नेहमी सांगत असे. आता जपून सांगतो. कारण ऐकणाऱ्याच्या मनात तिचं तात्पर्य असं उमटतं की केळुसकरांनी हिरा ओळखला, म्हणून त्यांची मदत सार्थकी लागली. मग तो मुलगा पुढे नुसता एक सरळमार्गी कारकून झाला असता, तर बागेतली ती पुस्तकं वाया गेली असती का? फळ पाहून मदतीची किंमत ठरवू लागलो, की ज्यांना मदत नाकारली त्यांचंही समर्थन आपोआप तयार होतं : त्यांच्यात काही नव्हतंच.

आणि आपल्या स्वतःच्या घरात आपण असं वागतो का? माझ्या मुलाला दहावीला 61 टक्के मिळाले. आम्ही त्याला 'होतकरू' आहेस का असं विचारलं नाही. क्लास लावला, शिकवणीच्या बाई घरी बोलावल्या, आणि वर नातेवाइकांना सांगितलं की त्याला त्याचा वेळ घेऊ द्या. त्याने अकरावीत एकदा शाखा बदलली आणि अजूनही त्याचं काही ठरलेलं नाही. साधारण असण्याची, चुकण्याची, उशिरा ठरवण्याची मुभा त्याला आहे. गरिबाच्या मुलाकडून मात्र आपण असामान्य असण्याचं हमीपत्र मागतो. श्रीमंतीची खरी चैन कदाचित हीच : मध्यम कुवतीचं असूनही शिकता येणं.

मार्गदर्शक म्हणून रविवारी बसायला लागल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. आम्हाला वाटायचं, आपण मुलांना प्रेरणा देतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ जातो तो अर्जांत. अकरावीच्या प्रवेशाचा पसंतीक्रम, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, सीईटीच्या तारखा, आधारकार्डावरच्या नावातली वेलांटी. शिकलेल्या घरात ही माहिती जेवताना, बोलता बोलता मिळते. ज्याला आपण मुलाची तयारी म्हणतो, ती बरीचशी घराची तयारी असते.

दोन वर्षांपूर्वी मी समितीपुढे सुचवलं की किमान अट पुरी करणाऱ्यांतून निदान चार जागा चिठ्ठ्या टाकून भराव्यात. मायकल सँडेलने 2020 सालच्या पुस्तकात मोठ्या विद्यापीठांसाठी असंच काहीसं सुचवलं आहे. बाई म्हणाल्या, "चिठ्ठ्याच टाकायच्या तर आपण इथे कशाला बसलोय?" मी म्हटलं, "बाई, चिठ्ठीत नाव न निघालेला मुलगा घरी जाऊन म्हणेल, नशीब. आपण नाकारलेला म्हणतो, मीच कमी पडलो." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी दोन जागा मिळाल्या. 'ध्येयाची स्पष्टता' हा रकानाही गेला.

चिठ्ठीतून आलेल्या पहिल्या दोघांपैकी एक मुलगा डिसेंबरात निघून गेला, एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला लागला. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "बघा, शेवटी तेच झालं." मुलाखतीतून निवडलेल्यांपैकीही त्या वर्षी तिघं गळाली होती. त्यांच्याबद्दल कुणी असं म्हणालं नव्हतं.

तो मुलगा परवाच्या रविवारी आला होता. रात्रपाळी करून, न झोपता. आयटीआयचा अर्ज भरायचा होता, ट्रेड कुठला घ्यावा हे ठरत नव्हतं. आमच्या अहवालात त्याच्या नावापुढे 'कार्यक्रम सोडला' असं लिहिलेलं आहे. अर्जाला दीड तास लागला. काय व्हायचंय, हे मी त्याला विचारलं नाही. कुठे राहशील, जेवणाचं काय, घरी पैसे किती पाठवावे लागतात, हे विचारलं.